सलग बोलण्यातून शब्द सुटे कसे होतात : भाषा शिकण्याचं पहिलं संगणकी मॉडेल बांधताना

‘बाळाला भूक लागली’ हे तीन शब्द कागदावर सुटे दिसतात. बोलताना मात्र आपण मध्ये कुठेच थांबत नाही. ध्वनीचा आलेख काढून पाहिला तर शांततेच्या ज्या फटी दिसतात, त्यातल्या बऱ्याचशा दोन शब्दांच्या मध्ये नव्हे, तर एकेका शब्दाच्या आतच असतात, कारण क, त, प उच्चारताना हवा क्षणभर अडते. तरीही सात-आठ महिन्यांचं मूल या सलग धारेतून ओळखीचा शब्द वेगळा काढतं. ते कसं, याचं उत्तर शोधायला संगणकी मॉडेल फार उपयोगी पडतं. भाषेच्या मॉडेलिंगमध्ये पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी असं आम्हाला वाटतं. गणित शाळेतलं आहे, साधा लॅपटॉप पुरतो आणि पायथनमध्ये फाइल वाचणं, डिक्शनरी वापरणं आणि लूप लिहिणं एवढं येत असलं की झालं.

आधी प्रश्न कागदावर लिहा

मॉडेल म्हणजे मुलाच्या डोक्यात काय चालतं याबद्दल केलेला एक दावा. कोड लिहिण्याआधी तीन ओळी लिहून काढा : शिकणाऱ्याला काय ऐकू येतं (सुटा ध्वनी, सिलॅबल म्हणजे एका स्वराभोवतीचा उच्चाराचा तुकडा, की शब्द), त्याला आधीपासून काय ठाऊक आहे, आणि शेवटी त्याच्याकडून काय अपेक्षित आहे. मेंदू-संशोधक डेव्हिड मार यांनी १९८२ मध्ये मांडलेली पातळ्यांची विभागणी इथे कामी येते : कोणता प्रश्न सोडवायचा आहे, कोणत्या रीतीने सोडवला जातो, आणि मेंदूच्या पेशींमध्ये ते प्रत्यक्ष कसं घडतं. आपलं मॉडेल दुसऱ्या पातळीवरचं आहे. मेंदूच्या पेशींबद्दल ते काहीही सांगत नाही, आणि तसा आव आणू नये.

चार शब्दांची भाषा

खऱ्या भाषेला लगेच भिडू नका. १९९६ मध्ये जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी आठ महिन्यांच्या बाळांवर केलेला प्रयोग आधी संगणकावर उभा करा. त्यांनी तीन-तीन सिलॅबलचे चार निरर्थक शब्द घेतले : तुपिरो, गोलाबु, बिडाकु, पाडोटी. यंत्राच्या एकसुरी आवाजात, मध्ये न थांबता, मिनिटाला २७० सिलॅबल या वेगाने ते दोन मिनिटं ऐकवले. प्रत्येक शब्द ४५ वेळा, म्हणजे १८० शब्द, ५४० सिलॅबल. एकच शब्द लागोपाठ दोनदा येणार नाही असा क्रम.

तुमच्या प्रोग्रामने हीच ५४० सिलॅबलची ओळ तयार करायची. मग दोन तक्ते : कोणतं सिलॅबल किती वेळा आलं, आणि कोणती जोडी किती वेळा आली. जोडीच्या संख्येला पहिल्या सिलॅबलच्या संख्येने भागलं की संक्रमण-संभाव्यता मिळते. ‘तु’ ४५ वेळा येतो आणि प्रत्येक वेळी त्याच्यामागोमाग ‘पि’ येतो, म्हणून तु→पि = १. ‘रो’नंतर मात्र गो, बि किंवा पा यांपैकी काहीही येऊ शकतं, प्रत्येकी साधारण १५ वेळा, म्हणजे जवळपास ०.३३. शब्दाच्या आत १ आणि शब्द संपतो तिथे ०.३३. बाळाला एवढा फरक जरी जाणवला तरी शब्द कुठे संपतो हे कळायला तो पुरेसा आहे.

इथे दोन चुका हमखास होतात. शब्दांच्या सीमेवर ०.३३ ऐवजी ०.२५ च्या आसपास आकडा आला, तर लागोपाठ तोच शब्द येऊ नये ही अट तुम्ही विसरलात. चार पर्याय झाले. आणि एखाद्या सिलॅबलच्या पुढच्या सगळ्या संभाव्यतांची बेरीज १ भरत नसेल, तर तुम्ही ओळीतलं शेवटचं सिलॅबलही भाजकात धरलंत. त्याच्यापुढे काहीच नाही, म्हणून ते जोडीचा पहिला भाग म्हणून मोजायचं नाही.

आता चाचणी. ‘तुपिरो’ची सरासरी संभाव्यता १. सीमा ओलांडणाऱ्या ‘रोगोला’ची (०.३३ + १) ÷ २, म्हणजे सुमारे ०.६७. मॉडेलला फरक कळला. पण मॉडेलचा हा आकडा म्हणजे बाळाचं वागणं नव्हे. मूळ प्रयोगात बाळं अनोळखी तुकडे जास्त वेळ ऐकत राहिली. १९९५ च्या एका वेगळ्या प्रयोगात मात्र साडेसात महिन्यांच्या मुलांनी ओळखीच्या शब्दांकडे जास्त लक्ष दिलं. फरक कळणं एक आणि त्यामुळे कान कुठे वळतो हे दुसरं. ‘जास्त आकडा म्हणजे जास्त वेळ ऐकणं’ किंवा त्याच्या उलट, यातलं जे धराल ते स्वतंत्र गृहीतक म्हणून लिहून ठेवा. नवख्यांच्या कामात ही ओळ बहुतेक वेळा गायब असते.

आणखी एक शंका इथेच काढून टाका. ‘तुपिरो’ ४५ वेळा येतो, ‘रोगोला’ जेमतेम १५ वेळा. मग बाळ संभाव्यता कशाला काढेल, नुसती मोजदाद करूनही भागेल की! याच मूळ तिघांनी १९९८ मध्ये यावर उपाय काढला : दोन शब्द ९० वेळा, दोन ४५ वेळा, ऐकण्याची वेळ तीन मिनिटं. जास्त येणारे दोन शब्द एकमेकांना जिथे भिडतात तिथला तुकडाही ४५ वेळा येतो, म्हणजे कमी येणाऱ्या शब्दाइतकाच. बाळांना तरीही फरक कळला. तुमच्या प्रोग्राममध्ये नुसती मोजदाद करणारं दुसरं मॉडेल शेजारी ठेवा आणि दोघांनाही ही ओळ द्या. मोजदादवालं इथे गडबडतं. एका मॉडेलला जमलं एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. दुसऱ्याला जे जमत नाही ते पहिल्याला जमतं, तेव्हा काहीतरी हाती लागतं.

तोडायचं कुठे

नियम दोन प्रकारचे. एक, ठरावीक उंबरठा : संभाव्यता अमुक आकड्याच्या खाली गेली की तोड. हा उंबरठा बरोबर उत्तरं पाहून ठरवलात तर ती कॉपी झाली; सगळ्या संभाव्यतांची सरासरी घ्या, ती शिकणाऱ्याला स्वतःलाही काढता येते. दोन, खड्डा शोधणं : डावीकडच्या आणि उजवीकडच्या दोन्ही आकड्यांपेक्षा मधला कमी असेल तर तिथे तोड. चार शब्दांच्या भाषेत दोन्ही नियम बिनचूक चालतात, आणि तिथेच माणूस फसतो.

चार्ल्स यांग आणि टिमोथी गॅम्बेल यांनी २००६ मध्ये खड्ड्याचा नियम इंग्रजी आयांच्या खऱ्या बोलण्यावर लावला. मॉडेलने काढलेल्या शब्दांपैकी ४१.६ टक्के बरोबर निघाले, आणि खऱ्या शब्दांपैकी फक्त २३.३ टक्के सापडले. कारण गणितातच आहे. इंग्रजीत मुलांशी बोलताना बहुतेक शब्द एका सिलॅबलचे असतात. एका सिलॅबलचा शब्द सुटा करायचा तर त्याच्या दोन्ही बाजूंना तोडावं लागतं, म्हणजे शेजारी-शेजारी दोन खड्डे हवेत. शेजारचे दोन आकडे एकाच वेळी एकमेकांपेक्षा लहान असूच शकत नाहीत. डेटा कितीही वाढवा, हा नियम तिथे अडणारच.

मराठीवर लावताना

इंग्रजीसाठी चाइल्ड्स हा मुलांच्या आणि मुलांशी झालेल्या बोलण्याचा संग्रह आहे. ब्रायन मॅकव्हिनी आणि कॅथरीन स्नो यांनी १९८४ मध्ये तो सुरू केला. त्यातल्या एका भागावरून तयार झालेली, ९,७९० वाक्यांची आणि ३३,३९९ शब्दांची ध्वनिरूपातली फाइल या क्षेत्रात मोजपट्टीसारखी वापरली जाते. तुमचा कोड आधी त्यावर चालवा. मग मराठी.

मराठीसाठी वर्तमानपत्राचा मजकूर घेऊ नका. बाळाच्या कानावर ‘झाले’, ‘कोठे आहे’ पडत नाही. ‘झालं’, ‘कुठंय’ पडतं. घरातलं बोलणं रेकॉर्ड करा आणि त्याआधी घरातल्या प्रत्येकाची संमती घ्या. पाहुणे आले किंवा फोन आला की रेकॉर्डिंग बंद. एक तासाचं बोलणं ऐकून लिहायला आठ-दहा तास धरून चाला. एका ओळीत एक वाक्य, म्हणजे दोन थांब्यांमधलं बोलणं. ओळीची सुरुवात आणि शेवट शिकणाऱ्याला फुकट द्यायला हरकत नाही, कारण तिथे खरंच थांबा ऐकू येतो. बाळाशी बोललेल्या आणि मोठ्यांनी आपसात बोललेल्या ओळींना वेगवेगळी खूण करा. पाच हजार ओळींच्या खाली असाल तर कोड तपासा, निष्कर्ष काढू नका.

आता खरी कटकट : मजकुराचे सिलॅबल पाडणं.

पायथनला देवनागरी ओळ थेट फोडायला सांगितली तर मात्रा सुट्या पडतात. ‘स्त्री’ आपल्याला एक अक्षर दिसतं. संगणकासाठी ती सहा चिन्हं आहेत : स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ई. अक्षरं फोडणाऱ्या तयार लायब्ररीवर डोळे झाकून विसंबू नका. युनिकोडच्या (संगणकात सगळ्या लिप्यांची चिन्हं साठवण्याच्या प्रमाण पद्धतीच्या) १५.१ या आवृत्तीच्या आधीच्या नियमांत जोडाक्षर हलन्तापाशी तुटतं, म्हणून लायब्ररीच्या आवृत्तीप्रमाणे उत्तर बदलतं. स्वतःचा नियम लिहिणं सोपं : व्यंजन, त्यापुढे हलन्त-व्यंजनाच्या हव्या तितक्या जोड्या, मग असलीच तर मात्रा, मग असलाच तर अनुस्वार. स्वतंत्र स्वर हे वेगळं अक्षर.

त्याआधी सारखे दिसणारे शब्द खरंच सारखे करून घ्या. ‘ॲ’ एका चिन्हाने लिहिता येतो आणि ‘अ’वर चंद्र देऊनही, युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण हे दोन्ही एक करत नाही. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’मधला अर्धा र काही कळफलक ‘ऱ’ वापरून लिहितात, काही साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना फरक दिसत नाही, मोजणीत मात्र एकाचे दोन शब्द होतात.

अक्षरं मिळाली तरी ते सिलॅबल नव्हेत, कारण मराठी लिहितो तशी बोलत नाही. ‘घर’मध्ये दोन अक्षरं, सिलॅबल एकच. नियम उजवीकडून डावीकडे लावा :

– शब्दाचं शेवटचं अक्षर साधं अकारान्त असेल तर त्यातला ‘अ’ गाळा. शब्दच एका अक्षराचा असेल (न, व) किंवा शेवटी जोडाक्षर असेल (गोष्ट) तर गाळू नका.
– मधल्या साध्या अकारान्त अक्षराच्या पुढच्या अक्षरातला स्वर शाबूत असेल, तर मधला ‘अ’ गाळा. पहिल्या अक्षराला हात लावू नका.

यातून ‘करतो’चं कर-तो होतं, ‘सरबत’चं सर-बत, आणि ‘कमल’चं क-मल, कारण तिथे ल आधीच हलन्त झाल्यामुळे म वाचतो. क्रम उलटा केलात तर ‘कमल’ बिघडतं. जोडाक्षराला दुसरा नियम लावू नका. नाहीतर ‘पुस्तकात’ मधून ‘पुस्त्कात’ असं न उच्चारता येणारं काहीतरी बाहेर पडतं. सामासिक शब्दांत नियम चुकतो. त्यावर साधा उपाय असा, की सगळ्यात जास्त येणाऱ्या तीनेकशे शब्दांचा उच्चार हाताने तपासून यादी करा. बोलण्यात थोडे शब्दच पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे एवढ्या यादीत बराचसा मजकूर बसतो. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतले च वेगळे आहेत, लिपीत ते सारखेच दिसतात. या यादीतच त्यांना वेगळी खूण द्या.

सिलॅबल हाती आल्यावर मराठीचा खरा पेच दिसतो. ‘बाळ’ हा एकटा शब्द म्हणजे एक सिलॅबल : बाळ्. ‘बाळाला’ म्हणजे बा-ळा-ला. ‘बाळाचं’ म्हणजे बा-ळा-चं. सामान्यरूप झालं की मूळ शब्दाचे तुकडेच वेगळे पडतात, आणि ‘बाळ्’ व ‘बा-ळा’ यांचा काही संबंध आहे हे सिलॅबल मोजणाऱ्या मॉडेलला कधीच कळणार नाही. घर्, घ-रात्, घ-रा-ला यांचंही तेच. सुटे ध्वनी घेतले (घ्, अ, र्, आ, त्) तर मूळ शब्द जुळतो, पण आता प्रत्येक स्वरानंतर पुष्कळ काही येऊ शकतं आणि शब्दांच्या आतही जागोजागी खड्डे पडतात. दोन्ही करून पाहा. कोणतं एकक घ्यायचं हा तांत्रिक तपशील नाही. मूल ऐकताना कशाची नोंद ठेवतं, याबद्दलचं ते विधान आहे.

मग दिशा. जोडीच्या संख्येला दुसऱ्या सिलॅबलच्या संख्येने भागलं की उलट दिशेची संभाव्यता मिळते. आठ महिन्यांची बाळं तीही वापरू शकतात, असं २००९ मध्ये ब्रुना पेलुची, जेसिका हे आणि जेनी सॅफ्रन यांनी दाखवलं. मराठीत हिचा परिणाम लगेच दिसतो : ‘ला’च्या आधी काहीही येऊ शकतं (बाळाला, आईला, शिवाय आला, गेला, झाला), म्हणून उलट मोजल्यावर ‘ला’च्या आधी खोल खड्डा पडतो आणि मॉडेल ‘बाळा | ला’ असं तोडतं. ही चूक आहे का? व्याकरणाच्या दृष्टीने प्रत्यय सुटा करणं शहाणपणाचंच आहे. म्हणून बरोबर उत्तरांच्या दोन फाइली ठेवा, एकीत शब्द अखंड, दुसरीत प्रत्यय सुटे, आणि दोन्हींशी तुलना करा. एकच फाइल ठेवलीत तर मॉडेलला ज्याबद्दल शाबासकी द्यायला हवी त्याबद्दल तुम्ही त्याचे गुण कापाल.

गुण देणं

ओळीची दोन टोकं मोजू नका, ती तुम्हीच दिलेली आहेत. ‘बाळाला भूक लागली’मध्ये सहा सिलॅबल : बा-ळा-ला-भूक्-लाग्-ली. तोडायच्या जागा पाच, बरोबर सीमा दोन : तिसऱ्यानंतर आणि चौथ्यानंतर. मॉडेलने ‘बाळा | लाभूक | लागली’ असं तोडलं. दोन सीमा काढल्या, एक बरोबर : अचूकता ५० टक्के. दोन खऱ्या सीमांपैकी एक सापडली : व्याप्तीही ५० टक्के. पण अखंड बरोबर आलेला शब्द तीनपैकी एकच. सीमांचे आणि शब्दांचे गुण वेगवेगळे लिहा. नुसते सीमांचे लिहिले की मॉडेल आहे त्यापेक्षा हुशार दिसतं.

त्याच्या शेजारी तीन मठ्ठ स्पर्धक ठेवा : प्रत्येक सिलॅबलनंतर तोडणारा, कुठेच न तोडणारा, आणि मॉडेलइतक्याच सीमा कुठेही टाकणारा. इंग्रजीवर पहिला मठ्ठ स्पर्धक संभाव्यतेच्या मॉडेलला सहज मागे टाकतो. तिसरा निदान वीस वेळा चालवून सरासरी घ्या.

एकदाच आलेलं सिलॅबल पुढच्याशी १ या संभाव्यतेने बांधलं जातं आणि मॉडेल तिथे कधीच तोडत नाही. पाचपेक्षा कमी वेळा आलेल्या सिलॅबलच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. त्यांचं काय केलंत ते लिहून ठेवा. आणि सगळा डेटा आधी वाचून मग पहिल्या ओळीपासून तोडायला बसणारं मॉडेल मुलासारखं नाही. मूल पहिलं वाक्य ऐकताना पाच हजारावं ऐकून आलेलं नसतं. ओळीमागून ओळ तक्ते वाढवत जाणारी आवृत्तीही लिहा आणि दर पाचशे ओळींनी गुण नोंदवा.

चुका वाचणं

आकड्यांवर थांबू नका. मॉडेलने काढलेले शंभर चुकीचे तुकडे छापून घ्या आणि हाताने वर्गवारी करा : दोन शब्द चिकटले (‘लाभूक’), एक शब्द तुटला, की फक्त प्रत्यय सुटला. लहान मुलं शिकताना नेहमी जोडीने ऐकू येणारे शब्द एकच समजून चिकटवतात, हे बालभाषेच्या नोंदींतून माहीत आहे. तुमचं मॉडेल सगळीकडे तोडत सुटत असेल तर त्याला गुण कितीही मिळोत, ते वेगळ्याच प्रकारे चुकतंय. शॅरन गोल्डवॉटर, थॉमस ग्रिफिथ्स आणि मार्क जॉन्सन यांच्या २००९ मधल्या बेझियन (म्हणजे ऐकलेल्याच्या आधारे कोणती फोड जास्त संभवनीय हे ठरवणाऱ्या) मॉडेलने ही गोष्ट नीट उलगडून दाखवली : प्रत्येक शब्द आधीच्या शब्दापासून स्वतंत्र आहे असं धरलं की मॉडेल नेहमी जोडीने येणारे शब्द चिकटवतं, कारण त्यांचं सतत शेजारी येणं समजावून सांगायला त्याच्याकडे दुसरी वाटच उरत नाही, आधीचा शब्द लक्षात घ्यायची मुभा दिली की चिकटणं बरंच कमी होतं. संक्रमण-संभाव्यतेनंतर दुसरं मॉडेल म्हणून हेच बांधा, किंवा ऐकलेले तुकडे साठवत आणि विसरत जाणारं पेरुशे आणि व्हिंटर यांचं १९९८ मधलं ‘पार्सर’. ‘पार्सर’ सोपं आहे.

मोठ्या भाषा-मॉडेलकडूनच हे काम करून घ्यावं, असं मनात येईल. पण ती मॉडेलं मोकळ्या जागा असलेल्या लिखित मजकुरावर शिकलेली असतात. शब्द कुठे संपतो हे त्यांना आयतंच मिळालेलं असतं. शिवाय त्यांनी वाचलेला मजकूर मुलाच्या कानावर पडणाऱ्या बोलण्याच्या कितीतरी पट असतो. म्हणूनच २०२३ पासून चाललेल्या बेबी-एलएम स्पर्धेत शिकण्यासाठीच्या मजकुरावर १० कोटी आणि १ कोटी शब्दांची मर्यादा घातलेली आहे. न्यूरल मॉडेलच वापरायचं असेल तर ते स्वतः शून्यापासून शिकवा, आणि तेही तुमच्याच ध्वनिरूप फाइलवर. शिकवण्याआधी त्या फाइलमधली प्रत्येक मोकळी जागा काढून टाकली आहे का, हे एकदा शोधून खात्री करा. एक राहिली तरी मॉडेल तिच्यावरच झेप घेतं.